मोतीबिंदू, सोयाबीन आणि ड्रॉपची बाटली

आमच्याकडं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचं हे डॉक्टर ठरवत नाही, शेत ठरवतं. जूनला पेरणी, मग खुरपणी, फवारणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढायला येतं, ते झालं न झालं तोवर कापूस फुटतो आणि वेचायला बाई मिळत नाही म्हणून घरातलं हिंडतं-फिरतं माणूस रानात, बीडकडची माणसं तर दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जातात ती उन्हाळा लागतानाच परत येतात, आणि उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करायचंच नसतं हे आमच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला पक्कं माहीत असतंय. मग राहिलं काय, तर डिसेंबर-जानेवारीतले चार दिवस, त्यात कुणाचं तरी लग्न निघतं. असं करत करत माणूस दोन-तीन वर्षं आरामात काढतो आणि एक दिवस ओट्यावरून उतरताना पायरी चुकून खुबा मोडून घेतो, मग डोळ्याचं राहतं बाजूला आणि हाडाच्या दवाखान्यात लाख-दीड लाख जातात.

माझं परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, पण डोळ्याच्या ऑपरेशनची चिठ्ठी घेऊन आलेलं माणूस काउंटरला कायम उभं असतं, शिवाय मधे घरात आत्याचं झालं, त्यामुळं दोन्हीकडून बघून झालंय. माझं मत असंय की ऑपरेशनच्या टेबलावर डोळा सहसा जात नाही, जातो तो आधीच्या टाळाटाळीत नाहीतर नंतरच्या हलगर्जीत, आणि ही दोन्ही कामं आपण घरी बसून करतो.

आधी हे असतं काय ते सांगून टाकतो, कारण लोक म्हणतात डोळ्यावर पडदा आला, जाळं आलं, आणि त्यांना वाटतं वरून काहीतरी साचलंय ते खरवडून काढायचं असतंय. तसं नाही. बुबुळाच्या मागं जन्मापासून एक भिंग असतं, पातळ पिशवीत बसवलेलं, आत पाणी आणि प्रोटीन. त्याच्या अगदी मधल्या भागातलं प्रोटीन आपण आईच्या पोटात असताना तयार झालेलं असतं आणि तेच मरेपर्यंत पुरवायचं, बदलून मिळत नाही. वय झालं, शुगर मागं लागली, विडी-सिगरेट ओढली, आयुष्य उन्हात गेलं, डोळ्याला मार लागला, की ते प्रोटीन गोळा व्हायला लागतं. अंडं उकडल्यावर आतलं पाण्यासारखं पातळ असतं ते पांढरं घट्ट होतं तसंच थोडंफार, आणि उकडलेलं अंडं काही परत कच्चं होत नाही. म्हणून मोतीबिंदू ड्रॉपनं विरघळत नाही. मधानं नाही, कांद्याच्या रसानं नाही, व्हॉट्सॲपवर आलेल्या कुठल्याच पाण्यानं नाही. हे मला आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर सांगावं लागतं आणि समोरचा माणूस "बरं बरं" म्हणून दुसऱ्या मेडिकलला जातो.

२०१५ ते २०१९ मधे सरकारनं देशभर पाहणी केली होती, त्यात पन्नाशीच्या पुढच्या लोकांत जे अंधत्व सापडलं त्यातलं ६६ टक्के निव्वळ मोतीबिंदूमुळं निघालं. म्हणजे उपाय माहीत आहे, डॉक्टर आहेत, बऱ्याच ठिकाणी फुकटात होतं, तरी एवढे लोक अंधारात.

आत्याची गंमत वेगळीच. तिला आधी चष्मा सुटला. हरिपाठाचं पुस्तक बिनचष्म्याचं वाचायला लागली आणि गावभर सांगत सुटली, "माळकऱ्याची नजर आहे ही, पांडुरंगानं दिलीय." घरातले सगळे खुश. मी विचारलं लांबचं दिसतंय का, तर म्हणे लांबचं कशाला बघायचंय मला. आता भिंगाचा मधला भाग कडक व्हायला लागला की त्याची ताकद वाढते आणि जवळचं काही दिवस बिनचष्म्याचं दिसायला लागतं, लांबचं मात्र धूसर होतं, म्हणजे साठी-पासष्टीत अचानक नजर सुधारली तर आनंद करायच्या आधी डोळे तपासून घ्यावेत. पण पांडुरंगानं दिलेली नजर तपासायला कोण नेणार.

दुसरं लक्षण वहिनीनं भोगलं. आत्याचा मुलगा चाकणला कंपनीत, घरी आत्या आणि वहिनी दोघीच, आणि कितीतरी महिने आत्याचं एकच चालू, की कपडे पिवळे निघायलेत, पावडर कमी टाकतीस, नीळ देत नाहीस, माझ्या हातची धुणी बघायला पाहिजे होतीस. वहिनी बिचारी दोनदा धुवायची. भिंगच पिवळं-तपकिरी पडलं होतं हे ऑपरेशननंतर कळलं. पट्टी काढल्यावर आत्या दारातल्या दोरीवरच्या पांढऱ्या लुगड्याकडं एका डोळ्यानं बघायची, मग दुसरा डोळा झाकून बघायची, परत पहिला. ह्या डोळ्यानं पांढरं, त्या डोळ्यानं पिवळं. वहिनीला काही बोलली नाही, माफी वगैरे आमच्या आत्याच्या स्वभावात नाही, पण पावडरचा विषय त्या दिवसापासून बंद झाला एवढं खरं.

तर "मोतीबिंदू आधी पिकू द्या, मग काढा" असं जे सांगतात त्याविषयी. हा सल्ला देणारे लोक खोटं बोलत नाहीत, ते जुनं बोलतात. पूर्वी अख्खं भिंगच काढायचे, ते पिकून पांढरं झालेलं असलं की काढायला सोपं जायचं, आणि काढल्यावर आत काही बसवायचे नाहीत, त्यामुळं जोपर्यंत अगदीच दिसेना होत नाही तोपर्यंत थांबण्यात शहाणपण होतं. माझ्या आज्याचं असंच शिबिरात झालेलं, शाळेच्या खोलीत, नंतर डोक्याच्या दोन्ही बाजूला वाळूच्या पिशव्या लावून उताणं झोपवलं होतं म्हणतात, मान हलवायची नाही. मग तो सोडावॉटरच्या काचेचा जाड चष्मा. त्या चष्म्यातून सगळं पाव पटीनं मोठं दिसायचं आणि कडेचं दिसायचंच नाही, आजा पाण्याचा तांब्या घ्यायला हात पुढं करायचा तो अलीकडंच हवेत. उन्हाळ्यात ऑपरेशन नको हेही तिथूनच आलंय, टाके असायचे, बरेच दिवस पट्टी असायची, घाम, धूळ, पंखा नाही, तेव्हा ते बरोबरच होतं. आता चिरा दोन-अडीच मिलिमीटरचा असतो, टाका नसतो, माणूस त्याच दिवशी घरी येतो, तेव्हा एप्रिल काय आणि जानेवारी काय.

आता मात्र पिकू देणं उलटं महागात पडतं. हल्ली जे फेको म्हणतात त्यात एक बारीक सुई आत घालतात, तिचं टोक सेकंदाला ४० हजारांच्या आसपास वेळा हलतं, त्यानं मोतीबिंदूचा चुरा होतो आणि तो ओढून घेतात. हे काढलं अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन नावाच्या डॉक्टरनं, १९६७ ला, आणि सुचलं कुठं तर दात साफ करायला गेला होता, डेंटिस्टच्या हातातलं ते थरथरणारं यंत्र बघून. मोतीबिंदू मऊ असेल तर काम पटकन होतं. दगड झाला असेल तर जास्त ताकद लावावी लागते आणि त्याचा मार काळ्या बुबुळाच्या आतल्या पेशींना बसतो, त्या पेशी परत तयार होत नाहीत. म्हणून फारच पिकलेला असला तर बरेच डॉक्टर फेको न करता सहा-सात मिलिमीटरचा चिरा घेऊन हातानं काढतात, तेही बिनटाक्याचंच, आणि ते काही कमी दर्जाचं नाही, चांगल्या हातानं केलं तर नजर तेवढीच चांगली येते. शिबिरात "आमच्यावर साधं ऑपरेशन केलं" म्हणून जे नाराज होतात त्यांच्यासाठी सांगतोय. आणि त्याच्याही पुढं पिकू दिलं तर भिंग फुगतं, डोळ्यात प्रेशर चढतं, डोळा लाल, डोकं फुटल्यासारखं दुखतं, उलट्या होतात, लोक ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपतात आणि त्या प्रेशरनं आतली नस सुकली तर ती नजर कुणी परत आणू शकत नाही.

आत्याला शेवटी नेलं कसं, तर दसऱ्याच्या आधी. "सोयाबीन निघू दे" म्हणाली. म्हणलं सोयाबीन हार्वेस्टरवाला काढणार आहे, तू नाही. बाईमाणसाचं असं आहे की घरातल्या पुरुषाला मोटारसायकल चालवता येईना की लगेच दवाखाना, बाईला ज्वारीतले खडे दिसेनात तर "सुनेला निवडू दे", संपलं. माझ्या काउंटरला ऑपरेशन झालेल्या ज्या बायका येतात त्यांचं बहुतेक फार उशिरा झालेलं असतं, आणि सोबत कोण आलंय हे बघितलं की का उशीर झाला ते कळतं.

जायला आमच्या भागात ठिकाणं आहेत. जालन्याचं गणपती नेत्रालय आहे, लातूर-नांदेडकडचे लोक उदगीरच्या लायन्सच्या डोळ्याच्या हॉस्पिटलात जातात, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात होतं. आणि डोळ्याच्या डॉक्टरांचं म्हणाल तर तात्याराव लहाने आमच्या लातूर जिल्ह्यातलेच, जे. जे. मधे राहून एक लाखाच्या वर मोतीबिंदूची ऑपरेशनं केली, २००८ ला पद्मश्री मिळाली, आणि त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली तेव्हा त्यांच्या आईनं स्वतःची किडनी दिली. आत्याला तयार करायला मी हीच गोष्ट सांगितली, ती ऐकून ती आईवरच बोलत राहिली, डॉक्टर राहिला बाजूला, पण गाडीत बसली हे महत्त्वाचं.

तपासण्यांना लोक वैतागतात, "एवढं कशाला, डोळ्याचंच तर आहे." शुगर, बीपी, ईसीजी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातल्या भोकातून पाणी सोडून बघतात ते घशात उतरतं का, कारण ती नळी तुंबलेली असली तर तिथला पू ऑपरेशन केलेल्या डोळ्यात जाऊ शकतो. आत्या त्याला "नाकातून पाणी काढलं मेल्यांनी" म्हणते. मग डोळ्याची लांबी मोजतात. माणसाचा डोळा साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब, आणि मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीननं हुकतो, म्हणून दोन-दोनदा मोजतात, हलू नका म्हणून ओरडतात. पांढराशुभ्र पिकलेल्या मोतीबिंदूतून मशीनचा उजेडच आत जात नाही, मग दुसऱ्या पद्धतीनं मोजावं लागतं, म्हणजे इथंही पिकवण्याचा फायदा काहीच नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक पुरुष पेशंटला सांगतो. प्रोस्टेटसाठी, लघवीची धार नीट यावी म्हणून जी टॅमसुलोसिनची गोळी असते, ती चालू असेल किंवा पूर्वी कधी घेतली असेल तर डोळ्याच्या डॉक्टरला आधी सांगा. त्या गोळीनं बाहुलीचा पडदा ढिला पडतो, ऑपरेशनमधे मधेमधे येतो. आधी माहीत असलं तर डॉक्टर तयारीनं बसतो. लोकांना वाटतं डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध, आणि लाजेनं सुनेसमोर बोलत नाहीत.

ऑपरेशनचं विशेष सांगण्यासारखं नाही. आत्या आत गेली, मी चहा प्यायला उतरलो, वर आलो तर ती हिरवं कापड बांधून बाहेर बसलेली. काय झालं विचारलं तर म्हणे, "दिवे दिसत होते, तांबडे-निळे रंग हलायलेत, पाणी सोडायलेत, आणि डॉक्टर नर्सला पोराच्या शाळेचं विचारायला होता. माझं काय चालूय ते कुणी सांगनाच."

त्या नव्या भिंगाची गोष्ट मात्र मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यात तुकडे जायचे, आणि हॅरॉल्ड रिडली नावाच्या लंडनच्या डोळ्याच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की ह्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे तुकडे डोळ्यात तसेच राहिले तरी डोळा चिडत नाही. मग त्यानं त्याच प्लॅस्टिकचं भिंग बनवून १९४९ च्या नोव्हेंबरमधे पहिल्यांदा एका बाईच्या डोळ्यात बसवलं. मोठमोठे डॉक्टर त्याच्यावर तुटून पडले, डोळ्यातून वस्तू काढायची असते, आत घालतो कसला. तीस-एक वर्षं गेली लोकांना पटायला. आपल्याकडं तर सुश्रुताच्या काळापासून सळईनं भिंग बाजूला ढकलायची विद्या होती, पण ढकललेल्या भिंगाच्या जागी काय, हा प्रश्न रिडलीपर्यंत तसाच होता. आणि परवडणारं कधी झालं, तर मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलवाल्यांनी १९९२ ला ऑरोलॅब काढून देशातच भिंगं बनवायला घेतली तेव्हा. आज्याला जाड चष्मा आणि आत्याला आतलं भिंग, मधला फरक एवढाच.

आता ज्या गोष्टीवर माझं डोकं फिरतं ती. एका मोठ्या खासगी दवाखान्यात, नाव नाही घेत, आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला काउंटरवरच्या पोरीनं कार्ड दाखवलं, साधी लेन्स, मधली लेन्स, भारी लेन्स, आणि भारी घेतली की आयुष्यभर चष्मा नाही. जावई सोबत होता, जावयासमोर साधी कशी घ्यायची, घेतली भारी, मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी. ती लेन्स वाईट नसते, ज्याला दिवसभर वाचायचंय, मोबाईल-कॉम्प्युटरवर काम आहे, चष्मा नकोच आहे त्याला चांगली. पण तिच्यात रात्री दिव्याभोवती कडी दिसतात, समोरून गाडी आली की उजेड फाकतो, आणि हा माणूस रात्री अकराला लाईट येते म्हणून मोटारसायकलवर शेतात मोटार चालू करायला जाणारा! वाचायला त्याला लागतं काय, तर सातबारा आणि खताच्या पिशवीवरचा भाव. साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराचं दाखवणारी, लांबच्या नंबरची बसवली असती आणि जवळचं बघायला अडीच-तीन नंबरचा दीड-दोनशेचा चष्मा खिशात ठेवला असता तर काम झालं असतं. लेन्स निवडताना तुमची रात्र कशी जाते हे कुणीतरी विचारायला पाहिजे. कुणी नाही विचारलं तर आपण सांगायचं.

मग ड्रॉप, म्हणजे माझं खातं. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, चार, असं उतरत उतरत महिना-सव्वा महिना (डॉक्टरागणिक थोडं इकडंतिकडं). चिठ्ठी इंग्रजीत, घरी आत्या आणि वहिनी. मी खोक्यावर स्केचपेननं उभ्या रेघा मारून देतो, आणि वेळ घड्याळावर न बांधता चहा, जेवण, दिवे लागण, निजताना अशी बांधतो, तशी चुकत नाही. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मधे पाच-दहा मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. बाटलीचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही. आणि स्टिरॉइडचा जो दुधासारखा ड्रॉप असतो, प्रेडनिसोलोनचा, त्यात औषध तळाला बसतं, हलवल्याशिवाय टाकला तर नुसतं पाणी जातं डोळ्यात, आणि शेवटच्या थेंबांत सगळं औषध. आत्याकडं गेलो तर वहिनी मोठ्या भक्तीनं, न हलवता, अगदी अलगद टाकत होती. पहिले काही दिवस डोक्यावरून पाणी नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही, रात्री डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी. डोळा लाल होऊन दुखायला लागला, दिसत होतं ते कमी झालं, तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी त्याच डॉक्टरकडं, आत इन्फेक्शन झालं असेल तर तासांचा हिशोब असतो. उलट काही महिन्यांनी नाहीतर वर्षा-दोन वर्षांनी हळूहळू परत धूसर व्हायला लागलं तर घाबरू नका, "मोतीबिंदू परत आला" म्हणतात पण तो परत येत नसतो, नव्या भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते, लेझरनं पाच मिनिटांत साफ करतात.

आणि उरलेली बाटली. ह्यापायी मी गावात वाईट झालोय. ऑपरेशनच्या ड्रॉपनं डोळ्याची लाली पटकन जाते हे लोकांना कळलेलं असतं, मग डोळे आले, कचरा गेला, की "ते आमच्या म्हाताऱ्याचं होतं ते द्या" म्हणून येतात. कापसाची पऱ्हाटी लागली, उसाचं पान कापून गेलं, अशा डोळ्यात बुरशी धरते आणि त्यावर स्टिरॉइड टाकलं तर लाली जाते, आत बुरशी मात्र माजते, बुबुळावर फूल पडतं ते कायमचं. शिवाय महिनोन्‌महिने टाकत राहिलं तर स्टिरॉइडनंच मोतीबिंदू होतो आणि प्रेशर वाढतं ते वेगळं. गुडघेदुखीवर गावोगाव ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात, एका दिवसात माणूस नाचायला लागतो, त्यांतही बऱ्याचदा हेच असतं, आणि मग पंचेचाळिशीत मोतीबिंदू कसा झाला म्हणून विचारतात.

आत्याची बाटली मी मागितली तर संपली म्हणाली. फडताळात सापडली, चिंधीत गुंडाळून, शेजारच्या शेळीच्या डोळ्याला पाणी येतंय म्हणून तिच्यासाठी राखून ठेवलेली. तिच्यासमोर उकिरड्यावर ओतली. एवढ्या महागाचं औषध मातीत घातलं म्हणून अजून मला बोलते, आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ड्रॉप दुसऱ्या मेडिकलमधून आणणार आहे असं वहिनीला सांगून ठेवलंय.